ग्रामसभेत एकमताने ठराव, तरी देशीचं दुकान उघडंच. मग ठरावाला किंमत काय?

बागाईतदार (निफाड तालुका)

मंडळी, आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते बंद करण्याचा ठराव झाला. कोरम पूर्ण होता, हात वर करून मतं घेतली, विरोधात एकही हात नाही. ठराव प्रोसिडिंगला आला, त्याची प्रत तहसीलला आणि उत्पादन शुल्क खात्याला गेली. दुकान मात्र रोज वेळेवर उघडतं.

दोन प्रश्न आहेत. पहिला, अख्ख्या गावाने एकमताने सांगूनही ठराव बंधनकारक का नाही? दुसरा, आता काही जण म्हणतात की पुढच्या ग्रामसभेत पिणाऱ्याला पाच हजार दंड लावू आणि दुकानाला गाळा देणाऱ्या घराशी गावाने व्यवहार बंद करायचा ठराव घेऊ. हे कायद्यात बसतं का? यादीत महिला मतदार साधारण १,६०० आहेत.

उभी-आडवी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोरमच्या आकड्यातच आहे. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी ते. तेवढे नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटही नसते. म्हणजे हजारो मतदारांच्या गावात शंभर जणांचं ‘एकमत’ होऊ शकतं. रस्त्याच्या, गटारीच्या कामाला ते चालतं. चालू परवाना बंद करायला सरकारने वेगळी, जास्त कडक वाट ठेवली आहे: २००८ चा आदेश, ज्याला गावात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात.

ती वाट अशी. एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांच्या सह्यांचा अर्ज करायचा (सगळ्या मतदारांतर्फेही करता येतो, मग २५ टक्के एकूण यादीच्या). तुमच्याकडे १,६०० धरल्या तर ४०० सह्या. खातं त्या सह्या मतदार यादीशी ताडून पाहतं. पडताळणीत टिकल्या की जिल्हाधिकारी मतदानाची तारीख लावतात. मतदान गुप्त. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी म्हणजे बंद करा, त्यामुळे वाचता न येणारीचंही अडत नाही.

खरी मेख मोजणीत. आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नाही. म्हणजे ८०१. समजा ९०० बायका आल्या, ७८० जणींनी आडवीवर शिक्का मारला, ९० उभीवर आणि ३० मतं बाद. झालेल्या मतदानात ८६ टक्क्यांहून जास्त आडवीला, तरी दुकान चालूच राहणार. घरी राहिलेली प्रत्येक बाई इथे उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

सह्या गोळा करताना ४०० वर थांबू नका. नाव यादीत एका तऱ्हेने आणि सही दुसऱ्या तऱ्हेने, एकीनेच चौघींच्या सह्या केलेल्या, अंगठ्यापुढे नाव नाही, अशा कारणांनी सह्या गळतात. ५०० च्या पुढे जा, आणि प्रत्येक सहीसमोर यादीतला भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहा. पडताळणी करणाऱ्याला शोधावं लागलं की अर्ज लांबतो.

गोदाकाठचा

वरचं सगळं बरोबर, फक्त मला ही अट पटत नाही. सरपंच निवडताना तिरंगी लढतीत ३५ टक्क्यांवरही माणूस निवडून येतो, आणि दुकान बंद करायला निम्मी यादी? गैरहजर माणसाचं मत एका बाजूच्या पारड्यात टाकणं हा कुठला न्याय? शिवाय परवाना शुल्क आणि दारूवरचा कर सरकारच्याच तिजोरीत जातो, आणि सह्या तपासणारं खातंही तेच. हितसंबंध उघड दिसतात.

उभी-आडवी

हितसंबंधाचा मुद्दा मान्य. म्हणूनच पडताळणीच्या वेळी अर्जदार महिलांनी हजर राहण्याची लेखी मागणी करावी आणि बाद सह्यांची कारणासह यादी मागावी. तोंडी ‘कमी पडल्या’ हे ऐकून घेऊ नका.

पण अट जाचक असली तरी तऱ्हेवाईक नाही. एकूण संख्येवर बहुमत मोजण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कलम ३६८ खाली घटनादुरुस्ती करताना प्रत्येक सभागृहात हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश तर लागतातच, शिवाय एकूण सदस्यसंख्येचंही बहुमत लागतं. सरपंचावरचा अविश्वास ठरावही हजर सदस्यांवर मोजत नाहीत. निवडणुकीत रिकामी जागा भरायची असते, कुणीतरी निवडून यायलाच हवं. इथे चालू असलेली गोष्ट कायमची बंद करायची असते, म्हणून उंबरठा उंच. ५० ऐवजी ४० टक्के असावा का, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ४० पुरेसे वाटतात.

आणि गुप्त मतदानाबद्दल. तुमच्या ग्रामसभेत विरोधात एकही हात नव्हता, हेच संशयास्पद आहे. ज्यांचं दुकानात रोज बसणं-उठणं आहे तेही तिथे असणार, ते गप्प राहिले. उलट नवरा शेजारी बसला असताना किती बायका हात वर करतील? उघड मतदानात दोन्हीकडचे लोक खोटं बोलतात.

यादीभाग

यादीकडे कुणी लक्ष देत नाही आणि बहुतेक ठिकाणी तिथेच घोडं अडतं. निम्मी यादी गाठायची तर यादीत कोण आहे ते आधी बघा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत वर्षानुवर्षं राहतात, आलेल्या सुनांची चढलेली नसतात, मयत तर असतातच. १,६०० मधली १२० नावं अशी निघाली तर यादी १,४८० होते आणि लक्ष्य ८०१ वरून ७४१ वर येतं. साठ मतं घरबसल्या कमी झाली.

नाव कमी करायला नमुना ७ चा अर्ज, नवीन नावाला नमुना ६, दुरुस्ती आणि स्थलांतराला नमुना ८. नमुना ७ चा गठ्ठा नेऊन टाकता येत नाही. एका नावाला एक अर्ज, मग बीएलओची (यादीचं काम बघणारा मतदान केंद्राचा अधिकारी) चौकशी, आणि स्थलांतराचं कारण असेल तर त्या व्यक्तीला म्हणणं मांडायची संधी. वेळ खातं, पण ही अडवणूक नाही. नाहीतर उद्या दुकानवालाही तुमच्या बाजूच्या दोनशे बायकांवर एका दमात हरकत घेईल. सुनांचं नाव सासरी चढवताना नमुना ८ वापरा, म्हणजे माहेरचं नाव त्याच अर्जात निघतं. काही जणी नमुना ६ भरतात आणि दोन्हीकडे नाव राहतं.

हे सगळं सह्यांच्या अर्जाआधी, किमान तीन-चार महिने.

तारीख जिल्हाधिकारी ठरवतात, पण विनंती करता येते. निफाडमध्ये ऑक्टोबर छाटणीत किंवा मार्च-एप्रिलला उन्हाळ कांदा काढणीत मतदान लागलं तर मजूर बायका येणार नाहीत, एका मताला एक दिवसाचा खाडा कोण घेईल? त्या दिवशी बागाईतदारांनी दुपारपर्यंत काम बंद ठेवून हजेरी पूर्ण दिली तर आकडा हलतो. हे तुमच्याच हातात आहे.

न्यायकोपरा

दुसऱ्या प्रश्नावर स्पष्ट सांगतो: दोन्ही ठराव करू नका.

कायद्यात तरतूद नसताना ग्रामसभेला कुणालाही दंड करता येत नाही. वसूल केलेले पाच हजार परत करायची वेळ येईल, पावती कोणत्या शीर्षाखाली फाडणार हा प्रश्न त्याआधीच येईल. व्यवहार तोडण्याचा ठराव तर सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावाच्या बाजूने मत देणारेही त्यात येतात. प्रोसिडिंग बुकातली सह्यांची यादी म्हणजे फिर्यादीला आयता पुरावा.

गंमत अशी की दुकानदारापेक्षा त्या गाळामालकाला संरक्षण जास्त आहे. दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ साली सांगितलं. घटनेचं कलम ४७ तर राज्याला दारूबंदीकडेच ढकलतं. त्यामुळे मतदानाने परवाना जाऊ शकतो. पण किराणा घेणं, पीठ दळून आणणं, लग्नाला जाणं यावर ८०१ काय, १,६०० मतं पडली तरी उपयोग नाही.

बागाईतदार

आभार. दंडाचा विषय सोडतो. एक विचारायचं राहिलं, आडवी बाटली जिंकली की त्याच दिवशी कुलूप लागतं का?

न्यायकोपरा

नाही. निकालावर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश निघावा लागतो. त्याविरुद्ध परवानाधारक उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करू शकतो, पुढे उच्च न्यायालयात, आणि स्थगिती मागू शकतो. अपिलात मुद्दे ठरलेले असतात: सह्यांची पडताळणी नीट झाली नाही, दवंडी किंवा नोटीस पोचली नाही, चुकीची यादी वापरली. म्हणून नोटीस चावडीवर लावल्याचा तारखेसह फोटो, पडताळणीची प्रत आणि मतदानाला वापरलेल्या यादीची प्रमाणित प्रत आतापासून एका फाइलमध्ये ठेवा.

बंदीनंतर हातभट्टी डोकं वर काढते. तिला परवानाच नसतो, त्यामुळे मतदान वगैरे काही लागत नाही; दारूबंदी कायदा १९४९ च्या कलम ६५ खाली थेट पोलिसांत तक्रार द्या, आणि पोचपावती घ्या.

यादीभाग

बीएलओला आत्ताच गाठा. निवडणूक जाहीर झाली की यादीचं काम त्या वेळापत्रकाने चालतं, मग तुमचे नमुना ७ मागे पडतात.