रानात, पाण्याकाठी, सोयीशिवाय काढलेली एखादी रात्र – तुमचे अनुभव लिहा

रानजाई
गणपती तोंडावर आले म्हणून परवा माळा आवरायला काढला. मखराच्या मागे एक जर्मलचं पातेलं सापडलं. कान एकच, दुसऱ्या कानाच्या जागी दोन भोकं, बूड काळं ठिक्कर. नाकाशी नेलं तर अजून धुराचा वास. (माळ्याचाही असेल, पण मला धुराचाच आला.)

डिसेंबर १९९८. आम्ही आठ जण, त्यात मुली तीन. तिघींच्या घरी 'मैत्रिणीकडे अभ्यासाला'. सातारा-कास-बामणोली लाल डब्यानं, पुढे लाँचनं शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडून वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवली. तेव्हा ट्रेकर तिथे सर्रास राहत. आता कोयना अभयारण्यात मुक्कामाला बंदी आहे, हे मीच आधी लिहून टाकते म्हणजे कुणी रागवायला नको.

तंबू नव्हता. एक निळी ताडपत्री, चार चादरी, दोन सेलची बॅटरी एक. खिचडीत मीठ दोघांनी दोनदा टाकलं. पाणी वाढवलं, मग तांदूळ वाढवले, मग पातेलं पुरेना. शेवटी तीन हप्त्यांत जेवलो. रात्री धरणावरून धुकं चालत आलं, अक्षरशः चालत, आणि शेकोटीच्या पलीकडचा माणूस दिसेना. पहाटे कधीतरी पाण्याकडून कुणीतरी जोरात नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. परत आला. आमच्यातला सगळ्यात धीट मुलगा म्हणाला, गवा आहे. आणि चादर डोक्यावरून घेऊन माझ्या सॅकच्या मागे जाऊन बसला. सकाळी चिखलात खुरं उमटलेली, माझ्या पंजाएवढी, आमच्या ताडपत्रीपासून वीसेक पावलांवर.

पातेलं हातात घेऊन माळ्याच्या शिडीवर पाऊण तास बसले होते. नवरा दोनदा येऊन बघून गेला.

तर तुमच्या अशा रात्री लिहा. अट एकच: संडास, गादी आणि बुफे असलेलं तळ्याकाठचं टेंट चालणार नाही. डीजे तर नाहीच.

सुस्साट
पहिला मी! वाचतोय. तो धीट मुलगा हल्ली काय करतो?

रानजाई
माळ्यावर काय करतेयस असं दोनदा विचारून गेला तोच :)

सुस्साट
हहपुवा (हसून हसून पुरती वाट)

लेकुरवाळी
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. मे महिना, २०११, भंडारदरा, काजवे बघायला. रतनवाडीच्या अलीकडे पाण्याजवळ तंबू ठोकला. नवरा म्हणाला इथे जमीन कशी छान सपाट आणि मऊ आहे. सपाट आणि मऊ का आहे हा प्रश्न त्याला पडला नाही, मलाही नाही.

काजवे काय दिसले म्हणून सांगू. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, ठरावीक झाडांवरच. अख्खं झाड एकदम लागायचं, एकदम विझायचं, मग शेजारचं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची, म्हणाली, झाड श्वास घेतंय.

साडेअकराला वळीव आला. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग विचारू नका. आमची सपाट मऊ जमीन म्हणजे ओहोळाचं पात्र होतं. दहा मिनिटांत चटई तरंगली. मुलीला काखोटीला मारून वर पळालो. एका घरात दिवा दिसला, तिथल्या आजींनी पडवीत घेतलं, कोरा चहा दिला. सकाळी नागलीची भाकरी, लसणाची चटणी. पैसे काढले तर हात मागे. जाताना एवढंच म्हणाल्या, पाण्याच्या वाटंत झोपतं व्हय कुनी?

तिसरी झाली. येते.

पुराणपुरुष
वासोट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ह्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीनं हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांविरुद्ध लढवला, आणि पुढे इंग्रजांशी युद्ध लागल्यावर पकडलेले इंग्रज अधिकारी इथेच कैदेत ठेवले होते. त्यांचाही मुक्काम सोयीशिवायच झाला म्हणायचा.

सुस्साट
काका, तुम्ही स्वतः कुठे झोपलात ते लिहा.

पुराणपुरुष
मी घरी झोपतो. मला कंबरदुखी आहे.

थंडीतला_कावळा
मिनेसोटाहून. इथे उत्तरेला कॅनडाच्या सीमेवर बाउंडरी वॉटर्स म्हणून जंगल आहे. हजाराच्या वर तळी, बहुतेक ठिकाणी मोटरबोट बंद, जायचं ते वल्ही मारत. एक तळं संपलं की नाव उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि रानातून चालत पुढच्या तळ्याला. ते अंतर ना मैलात ना फुटात, 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. नकाशावर १८० बघून मी म्हटलं, किरकोळ आहे. १८० गुणिले साडेसोळा करा आणि डोक्यावर नाव आहे असं समजा.

आई-बाबा इकडे आले होते, बाबांना हौस फार. आईला मी सांगितलं होतं की तिथे संडास आहे. तो आहे. रानात शिरून थोडं चाललं की एक खोका, वर झाकण. भिंती नाहीत, छप्पर नाही, दार तर नाहीच. आई जाऊन बघून आली आणि म्हणाली, "अरे, ह्यापेक्षा आमच्या आजोळी बरं होतं, निदान कुंपण होतं."

रात्री लून पक्षी ओरडतो. लांब, चढत जाणारा, बाईनं हंबरडा फोडावा तसा. मी सांगून ठेवायला विसरलो. आईनं रामरक्षा सुरू केली ती पहाटेपर्यंत. बाबा सकाळी म्हणाले, पक्षी गप्प झाला पण ही होईना.

मिनी
भिंत नसलेला संडास 😂 काकूंना माझा दंडवत.

पण खरं सांगू का, ह्या धाग्यावर सगळे धुकं आणि काजवे लिहितील, बायकांचा खरा प्रश्न कुणी लिहिणार नाही. मी लिहिते. पहिल्या ट्रेकला मी दुपारी चारनंतर पाणीच प्यायले नाही. रात्री उठायला लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की उतरताना दोघांनी धरून आणलं. नंतर एका ताईंनी शिकवलं: उजेड असतानाच जागा हेरून ठेवायची, पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब. खुरपं न्यायचं, वीतभर खड्डा, वर माती. बाकी कागदबिगद पिशवीत बांधून घरी परत. दोघींनी जायचं, एकीनं पाठ करून उभं राहायचं आणि गाणं म्हणायचं. गाणं थांबलं की समजायचं कुणीतरी येतंय. आमच्या ग्रुपमधे अजून 'गाणं म्हणायला येतेस का' असंच विचारतात.

लेकुरवाळी
मिनी, +१००. पाणी न पिणं मी पण केलंय. खुरपं हा शब्द वाचून बरं वाटलं, लोक ट्रॉवेल ट्रॉवेल करतात.

नियमावली
अभयारण्यात विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं हा गुन्हा आहे. कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे, म्हणजे १९९८ सालीही होतं. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. अशा धाग्यांनी चुकीचा पायंडा पडतो.

रानजाई
मान्य आहे. म्हणूनच वर लिहिलंय. आज परवानगी घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, मीही तसंच जाते. तेव्हा अक्कल नव्हती एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं तळं कुठलं भाऊ, उन्हाळ्यात पाणवठा सापडला तरी देवाची कृपा. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला गेलो होतो. पाणवठ्यावर मचाण, मचाणावर मी आन् एक कोरकू दादा. बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, बिडी तर बिलकूल नाही. दिवसा अंगाची भट्टी, रात्री चांदणं असं का पेपर वाचून घ्या.

दादा बसल्या जागी झोपले. मी डोळे फाडून. दोन सायाळी आल्या, काटे वाजवत, जशी काही बांगड्या घातलेली बाई चाललीये. मग डुकरं. मग अडीच वाजता अस्वल. पाणी प्यालं, बसलं, परत प्यालं, अंग खाजवलं. मी श्वास धरून. तेवढ्यात दादांनी असा घोर काढला का अस्वल दचकून उभं राहिलं आन् पळालं. दादा जागे झाले, म्हणाले, काही आलं होतं का?

सकाळी तक्ता भरला. वाघ : निरंक.

सुस्साट
वाघ : निरंक 😂😂 स्टेटसला ठेवतोय.

डुलक्या
घोरण्याचा विषय निघालाय तर आमच्या ग्रुपमधे एक जण आहे, त्याचा तंबू वाऱ्याच्या खालच्या बाजूला लावतो. आणि जळवांवर कोणी लिहिलं नाही? पावसात आंबोलीला मीठ-तंबाखूची पुरचुंडी करून बुटाला बांधली होती, तरी मोज्यात नऊ निघाल्या.

मिनी
नऊ मोजल्यास?? मी असते तर पायच तोडून ठेवला असता.

गाळपेर
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. बसमधे आहे.

आमचं गाव शिवसागराच्या पाण्यात गेलं. धरण झालं तेव्हा निम्मं गाव लांब कुठे कुठे उठून गेलं, आजोबा गेले नाहीत, वर डोंगराच्या अंगाला सरकले. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की जुनी जमीन उघडी पडते. गाळाची, काळी, ओल असलेली. तिच्यात पेरतात, तिला गाळपेर म्हणतात. आणि पीक वर आलं की राखण आली, कारण रानडुकरं एका रात्रीत वाफा नांगरून ठेवतात.

मी आठवी-नववीत असताना सुट्टीत आजोबांबरोबर राखणीला जायचो. चार मेढी, वर गवत, अशी खोपी. उशाला पत्र्याचा डबा आणि काठी. झोप आली की आजोबा डबा वाजवायचे, डुकरासाठी का माझ्यासाठी ते कधी कळलं नाही. चहा गुळाचा, दूध नाही. पाणी तिथलंच, आजीच्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून. ह्याला कॅम्पिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात हे पुण्याला आल्यावर समजलं.

एका वर्षी पाऊस कमी झाला होता, पाणी नेहमीपेक्षा खूप खाली गेलं. आजोबा मला घेऊन खाली उतरले. भेगाळलेला चिखल, मधूनच जुन्या झाडांची खोडं. एका ठिकाणी दगडी जोतं होतं आणि त्याच्या पुढ्यात खडकात खोदलेलं उखळ. उखळात गाळ भरला होता. आजोबांनी बसून तो हातानं उपसला, पार तळापर्यंत, आणि फडक्यानं पुसून घेतलं. मला म्हणाले, तुझी पणजी इथे कांडायची. मग म्हणाले, चल, डुकरं येतील.

त्या रात्री डबा मी वाजवला. ते झोपले नव्हते, पण वाजवला मीच.

उतरायचं ठिकाण आलं.

लेकुरवाळी
.

(काय लिहू सुचत नाहीये)

रानजाई
गाळपेर, आम्ही १९९८ ला लाँचमधून जाताना ती खोडं बघून "कसलं भारी" म्हणालो होतो. फोटो पण काढले होते.

गाळपेर
ताई, भारी दिसतातच की ती. आम्ही पण पोहताना त्यांच्यावरूनच सूर मारायचो. आजोबांच्या शिव्या खायचो.

कुणीएक_हिमालयी
दोडीताल, उत्तरकाशीच्या वर. साधारण तीन हजार मीटर, देवदार आणि बांज (तिकडचा ओक). पाण्यात ट्राउट असे फिरतात की हात घालून धरावेत. धरू नका, गार पाण्यात हात बधिर होतो, मी अर्धा तास बोटं काखेत धरून बसलो होतो. रात्री बाटली तंबूत ठेवली तरी सकाळी वर बर्फाची साय. बाटली झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायची हे तिथे एका घोडेवाल्यानं सांगितलं. बाकी सविस्तर नंतर, क्लायंटचा फोन आहे.

डुलक्या
बाटलीचं झाकण घट्ट लावायचं हे घोडेवाल्यानं सांगितलं नव्हतं ना? मला अनुभव आहे. पुढचं विचारू नका.

थंडीतला_कावळा
आणि इथे अस्वलांपायी जेवणाचं सगळं, टूथपेस्टसकट, झाडाला टांगायचं किंवा जाड डब्यात कुलूपबंद ठेवायचं. बाबांनी शर्टाच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवली होती. रात्री एक वाजता कबूल केलं. मी चिक्की घेऊन अंधारात दोराकडे, मागून रामरक्षा चालू.

मिनी
आईंच्या रामरक्षेचा वेगळा धागा काढा.

सातारची_माहेरवाशीण
रानजाई, पातेल्याला चुलीवर ठेवायच्या आधी बाहेरून लेवण दिलं नव्हतं का? राख नाहीतर माती कालवून बुडाला पातळ लेप द्यायचा. काजळी लेवणावर धरते, नंतर पाण्यानं निघून जाते, भांडं पांढरं स्वच्छ. माझी सासू अजून बंबावरच्या भांड्याला देते. आठ जणांत एकालाही माहीत नव्हतं?

रानजाई
नव्हतं. आठपैकी पाच जण इंजिनिअर होणार होते.

सुस्साट
😂😂 मग आता काय करणार पातेल्याचं? शोकेसमधे?

रानजाई
तेच सांगायला आले होते. आज सकाळी ओट्यावर ठेवून ऑफिसला गेले. येऊन बघते तर मावशींनी तारेच्या घासणीनं घासून लख्ख करून पालथं घातलंय. म्हणाल्या, ताई, किती मेहनत लागली, नवं वाटतंय की नाही? मी म्हटलं, हो.

आता त्यात भिजवलेले साबुदाणे आहेत. उद्या एकादशी.