मदत हवी आहे: 'मर्डर इन मेसोपोटेमिया' पुढे वाचू की सोडून देऊ?

मंडळी, अगाथा ख्रिस्तीचं 'मर्डर इन मेसोपोटेमिया' (१९३६) निम्म्यावर अडकलंय. इराकमधलं उत्खनन, अंगणाभोवती खोल्या, आणि लुईझ लाइडनर स्वतःच्याच खोलीत मेलेली. घराचा नकाशा पुस्तकातच आहे. कोण कुठे होतं ते त्यावर पेन्सिलीने लिहीत बसलेय, तरी डोक्यात प्रकाश पडत नाही. (लायब्ररीचं पुस्तक आहे, खोडून देईन!)

वातावरण झकास. ख्रिस्तीबाईंचा नवरा मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वज्ञ, त्यामुळे बाईंनी असे मुक्काम स्वतः केलेले. ते पानापानांत जाणवतं. पण गोष्ट सांगणारी नर्स लेदरन तिथल्या लोकांना आणि घाणीला सारखी नाकं मुरडते, त्याचा मला वैताग आलाय. तुम्हाला हे खुपलं का, की 'त्या काळचं' म्हणून सोडून दिलंत?

दुसरं म्हणजे, शेवट पटत नाही असं दोन मैत्रिणी म्हणाल्या. खुनी कोण ते कृपया सांगू नका! उलगडा पचतो का, एवढंच सांगा. ख्रिस्तीचंच 'डेथ ऑन द नाइल' मी एका बैठकीत संपवलं होतं, त्याच्या तोडीचं आहे का हे? शनिवारी पुस्तक परत करायचंय.