पाऊल टेकायचं नाही, पण फिरायचं तर आहे: कुबड्या, वॉकर, नी स्कूटर

पावलाच्या किंवा घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर 'पायावर वजन टाकू नका' एवढं सांगून घरी पाठवतात. कुबडीची उंची, जिना, आंघोळ हे सगळं ज्याचं त्यानं शोधायचं. ही साधनं ज्यांनी वापरली किंवा घरच्यांसाठी हाताळली, त्यांनी इथे लिहावं. आपबिती नको, मापं आणि युक्त्या हव्यात.

*

साधन निवडण्याआधी डॉक्टरांकडून एक उत्तर पक्कं घ्या: वजन शून्य, नुसती बोटं टेकवायची, ठरावीक वजन, की सोसेल तेवढं? 'जपून चाला' हे उत्तर नव्हे. ठरावीक वजन सांगितलं असेल तर घरच्या वजनकाट्यावर सराव करा. दुखरा पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर, हातांचा भार वॉकरवर किंवा कुबड्यांवर. साठ किलोच्या माणसाला पाव वजन म्हणजे १५ किलो. काटा तिथे थांबला की पायाला कसं वाटतं, ते लक्षात ठेवायचं.

*

काखेच्या कुबड्यांचं माप बूट घालून, सरळ उभं राहून घ्या. काख आणि वरची गादी यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. हात मोकळा सोडल्यावर कुबडीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे ती धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतं. सगळं वजन तळहातांवर घ्यायचं. गादी बरगडी आणि दंड यांच्यात दाबून धरायची, काखेत रुतवायची नाही. काखेवर लोंबकळत राहिलं तर तिथली नस दबते, हाताला मुंग्या येतात आणि मनगट उचलेनासं होऊ शकतं. कुबडी उंच असली की हे हमखास होतं, कारण खांदे आपोआप वर चढतात. मुंग्या आल्या तर गाद्यांवर आणखी फडकी गुंडाळत बसू नका, उंची तपासा.

ॲल्युमिनियमच्या कुबडीत खटक्याची गुंडी भोकातून पूर्ण बाहेर आली का आणि दोन्ही कुबड्या एकाच भोकावर आहेत का, हे रोज बघा. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला. ओल्या फरशीवर झिजलेलं बूच सरळ घसरतं.

*

वरच्यात भर, जिन्याची. चढताना आधी चांगला पाय वर, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना आधी कुबड्या खालच्या पायरीवर, दुखरा पाय पुढे धरलेला, शेवटी चांगला पाय. कठडा असेल तर एक हात कठड्यावर, दुसऱ्या काखेत एक कुबडी, उरलेली सोबत्याकडे. सोबत्यानं चढताना आणि उतरतानाही खालच्या बाजूला राहायचं.

तोल जात असेल तर सरळ बसा. पायऱ्यांकडे पाठ करून, हात आणि चांगल्या पायाच्या रेट्यानं एकेक पायरी वर सरकायचं. दिसायला कसं का दिसेना, सगळ्यात सुरक्षित तेच!

*

नी स्कूटर, म्हणजे दुखरा पाय गुडघ्यात दुमडून टेकवायची आणि दुसऱ्या पायानं ढकलायची चाकांची गाडी: गुडघा काटकोनात दुमडून नडगी गादीवर ठेवायची, पाऊल मागे मोकळं. गादीची उंची अशी की कमरेच्या दोन्ही बाजू एका रेषेत येतील आणि उभ्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला राहील. गादी खाली राहिली की कंबर एका बाजूला कलते आणि संध्याकाळपर्यंत पाठ धरते. चढताना आणि उतरताना ब्रेक लावलेला हवाच.

उलटते ती वळणावर. वेगात हँडल वळवलं की आतलं चाक उचलतं. वळण्याआधी थांबा, मग हळू वळा. छोटी चाकं उंबऱ्याला आणि खडीत अडकतात, तिथे उतरून ढकलत न्या. जिन्यावर ही निरुपयोगी, म्हणून कुबड्या लागतातच. ज्यांचा गुडघा आधीच दुखरा आहे किंवा तोल कच्चा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

*

वॉकरचे चारही पाय टेकल्याशिवाय त्यावर भार देऊ नका. तो एका हातभर पुढे टाकला की माणूस पुढे झुकतो आणि मागचे पाय उचलतात. खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठू नये, हात खुर्चीवर रेटून उठायचं आणि मग वॉकर धरायचा.

*

पट्ट्यांचा मोठा बूट मिळाला असेल तर त्याचा तळ जाड असतो. दुसऱ्या पायात तेवढ्याच जाडीचं पादत्राण घाला, नाहीतर कंबर आणि दुसरा गुडघा कुरकुरू लागतात. घरात अनवाणी चालण्याची सवय असलेले हमखास इथे फसतात.

*

आंघोळ: रबरी पायांचं बळकट स्टूल, दुखरा पाय बाहेर दुसऱ्या स्टुलावर, प्लास्टरवर वरून घट्ट बसणारं आवरण. आधी अंग आणि कुबडीची बुचं कोरडी करायची, मग उठायचं. पाण्याची बाटली आणि फोन न्यायला पाठीवरची किंवा गळ्यातली पिशवी, हातात काहीच नको.

*

पाय खाली सोडला की ठणकतो, बोटं जांभळट होतात. पाय छातीपेक्षा उंच ठेवला की हे उतरायला हवं. उतरत नसेल, बोटं गार किंवा बधिर पडत असतील तर लगेच दवाखान्यात कळवा. पोटरी एकाएकी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रक्ताची गुठळी असू शकते.