फेलूदा सोडून तुमचं लाडकं कोण?

सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा आवडतो यात वाद नाही. चारमिनार सिगारेट, कोल्ट रिव्हॉल्व्हर, समोरच्याच्या चपलेवरची माती बघून तो कुठून आला ते सांगणं, यावर आपलं पुष्कळ लिहून झालंय. हा धागा त्याच्या आजूबाजूच्या माणसांचा. 1965 साली 'संदेश' मासिकात पहिली गोष्ट आली, त्यानंतर सत्यजित राय यांनी 35 पूर्ण गोष्टी लिहिल्या. त्यांत पुन्हा पुन्हा भेटणारे जटायू, फेलूदाचा चुलतभाऊ आणि गोष्ट सांगणारा तोपशे, सिधू ज्याठा, खलनायक मगनलाल मेघराज, चहा आणणारा श्रीनाथ, यांच्यापैकी तुमचं कोण आणि का? मराठीतून वाचलं असेल, बंगालीतून, नाहीतर नुसते सिनेमे बघितले असतील, सगळं चालेल. अट एकच, गुन्हेगार कोण ते फोडायचं नाही. अजून न वाचलेले लोक आहेत घरात.

सुरुवात मीच करतो. माझे जटायू, म्हणजे या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारे, फेलूदाचे मित्र लालमोहन गांगुली. बँकेने तीन वर्षांसाठी कोलकात्याला पाठवलं तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत बंगाली अक्षरं शिकलो आणि नंतर हळूहळू फेलूदा मुळातून वाचू लागलो. जटायू राहतात गडपारला. गडपार रोडवर 100 नंबरचं घर राय कुटुंबाचं, सत्यजित राय यांचा जन्म तिथलाच, 1921 चा. कुटुंब तिथून गेल्यावर त्या वास्तूत शाळा आली, एथिनियम इन्स्टिट्यूशन. आणि जटायू ज्या शाळेत शिकले, जिथल्या बैकुंठ मल्लिक मास्तरांच्या कविता ते जागोजागी ऐकवतात, तिचं नाव काय? तेच. म्हणजे लेखकाने आपलं जन्मघर उचलून या टकल्या, भित्र्या, चुका करणाऱ्या माणसाला शाळा म्हणून देऊन टाकलं. हे कळलं त्या रविवारी मी ट्राम पकडून गेलो. फाटक बंद. आत डोकावत होतो तर शेजारचा पानवाला म्हणाला, ॲडमिशन संपल्या, पुढच्या वर्षी या. माझी पन्नाशी झाली होती.

नाशिक

माझेही जटायूच, पण माझं कारण धंद्याचं आहे. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. जटायूंच्या कादंबऱ्यांचा नायक प्रखर रुद्र, आणि त्या विकल्या जातात धडाधड, पण त्यात चुका भरपूर. उंट पोटात पाणी साठवतो असं त्यांनी लिहून ठेवलेलं. राजस्थानच्या गोष्टीत फेलूदा सांगतो की ते पाणी नव्हे, मदारीत चरबी असते. दुसरीकडे त्यांनी उत्तर ध्रुवावर हिप्पोपोटॅमस सोडला होता. वॉलरस लिहायचं होतं बिचाऱ्यांना.

मी हे वर्गात वाचून दाखवते आणि पोरांना सांगते, चूक कुठे आहे ते शोधा. धड्यातली वाक्यं विसरणारी मुलं उंटाची मदार विसरत नाहीत. आणि मला जे सगळ्यात आवडतं ते असं की फेलूदाने चूक दाखवली की जटायू रुसत नाहीत. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हणतात. स्टाफरूममध्ये असा एक माणूस दाखवा मला.

डोंबिवली

आमच्या घरात फेलूदा हे नाव आलं ते दूरदर्शनवरून. 1986 ची 'किस्सा काठमांडू का', दिग्दर्शन संदीप राय यांचं. फेलूदा शशी कपूर, मगनलाल उत्पल दत्त, तोपशे आपला अलंकार जोशी, आणि जटायू कोण तर डॉ. मोहन आगाशे! बाबा तेव्हा 'घाशीराम कोतवाल'चे भक्त. नाना फडणवीस पडद्यावर बिचकत, घाबरत, मगनलालपुढे चहाचा कप धरून बसलेत हे बघून ते इतके हसले की आजीने आतून विचारलं, काय झालं रे. त्या चहात काय असतं ते वाचलेल्यांना माहीत आहे. वाचलं नसेल तर वाचा.

शशी कपूर फेलूदाला जड होते हे मी मान्य करतो. बंगाली मित्र अजून त्यावरून चिडवतात. पण आगाशेंचा जटायू वाईट होता असं कुणी म्हटलं तर मी भांडतो. माझ्यासाठी पहिला जटायू तोच, राय यांच्या सिनेमांतले जटायू संतोष दत्त फार नंतर बघितले.

कोलकाता (माहेर सांगली)

डोंबिवलीकर, भांडण नको, पण संतोष दत्त हे संतोष दत्तच. पेशाने वकील होते ते, कोर्ट सांभाळून सिनेमे करायचे. 1974 ला सोन्याच्या किल्ल्याचा सिनेमा आला, आणि त्यानंतर राय यांनी स्वतः काढलेली पुस्तकातली चित्रंच बदलली. आधीचा जटायू वेगळा दिसायचा, नंतर तो हुबेहूब संतोष दत्त दिसू लागला. नटाने पात्राचा चेहरा घेतला की पात्राने नटाचा, ते तुम्हीच ठरवा. 1988 मध्ये ते गेले आणि राय यांनी पुन्हा फेलूदाचा सिनेमा केला नाही. माझ्या सासूबाई हे सांगताना अजून दोन सेकंद थांबतात.

छत्रपती संभाजीनगर

इथे अजून कुणी सिधू ज्याठाचं नाव काढलं नाही म्हणून लिहायला बसलो. थोडं लांबेल.

ज्याठा म्हणजे थोरले काका. खरं तर ते फेलूदाचे कुणीच नाहीत, गावाकडच्या घराचे शेजारी. नाव सिद्धेश्वर बोस. काम काही करत नाहीत. दिवसभर वाचतात आणि वर्तमानपत्रांची कात्रणं वह्यांत चिकटवतात. फेलूदा कुठे अडला की त्यांच्याकडे जातो आणि ते नुसत्या आठवणीवर दहा वर्षांपूर्वीची चोरी तारखेसह सांगतात. आपण स्वतः हेरगिरी केली असती तर बाकीच्यांची पोटं भरली नसती, म्हणून मनाच्या खिडक्या उघड्या टाकून बसलोय, असं काहीसं ते म्हणतात.

वेरूळची गोष्ट सुरूच होते त्यांच्यामुळे. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं मुंडकं कुणीतरी कापून नेलं म्हणून ते संतापून फेलूदाकडे येतात. स्वतःच्या घरी चोरी झाल्यासारखे. हे 1973 चं लिखाण आहे. पुरावस्तूंचा कायदा 1972 चा, म्हणजे मूर्तिचोरीची चर्चा तेव्हा ताजीच होती. लहानपणी मला एवढंच कळत होतं की ही गोष्ट माझ्या गावात घडते. सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासात, मी शाळेच्या सहलीत चार वेळा गेलो होतो आणि चारही वेळा डबा खाण्यापलीकडे काही केलं नव्हतं. गोष्ट वाचून पाचव्यांदा गेलो, एकटा, सायकलवर. जवळजवळ तीस किलोमीटर आहे. जाताना चढ लागतो, पोचलो तेव्हा पाय लटपटत होते. मग तुटलेली नाकं, तुटलेले हात बघत हिंडलो. किती तुटलेत ते त्याआधी दिसलंच नव्हतं.

आता मूळ मुद्दा. माझे आजोबा सिधू ज्याठाच होते. तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि कात्रणं कापू लागले. पाऊस, धरणं, जायकवाडी, मोठे खटले, कुठल्या मंत्र्याने कधी काय आश्वासन दिलं ते. जुन्या सातबाराच्या कोऱ्या पाठीवर खळ लावून चिकटवायचे. घरात त्या खळीचा आंबूस वास कायम. गावात कुणाची जमिनीची भानगड निघाली की लोक वकिलाच्या आधी त्यांच्याकडे यायचे, आणि ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, एकोणऐंशीचा पावसाळा, थांब, आणतो.

ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो. तेराव्याला आलो तर माडी रिकामी. रद्दीवाला नेऊन गेला होता. चुलत्यांनी चांगल्या मनानेच केलं, वाळवी लागली होती म्हणाले. एक वही तेवढी सापडली, देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलेली. त्यात शेवटचं कात्रण कशाचं असेल? हवामानाचा अंदाज. दुसऱ्या दिवशी पाऊस पडेल असा. खाली पेन्सिलीने लिहिलंय, पडला नाही.

बंगळूर

वरचं वाचून काही लिहावंसं वाटत नव्हतं, पण मगनलालला कुणी वाली नाही म्हणून लिहितो.

मगनलाल मेघराज तीनच गोष्टींत आहे. बनारस, काठमांडू आणि गुलाबी मोत्याची. तरी फेलूदाचा शत्रू म्हटलं की तोच. कारण तो आरडाओरडा करत नाही. गादीवर लोडाला टेकून बसतो, पाहुण्यांना सरबत मागवतो, ते सरबत प्यावं की नाही हे जटायूंना कळत नाही, आणि मग म्हाताऱ्या अर्जुनला बोलावून जटायूंच्या भोवती चाकू फेकायला लावतो. गंमत म्हणून. जटायूंना तो 'अंकल' म्हणतो. हे अंकल ऐकलं की माझ्या पाठीत थंड वाटतं, कारण माझा एक घरमालक असाच गोड बोलायचा आणि डिपॉझिट त्याने दिलंच नाही.

मराठीत एक गोष्ट निसटते असं मला वाटतं. मगनलाल बंगाली बोलतो ते हिंदीच्या हेलाने, मोडकं. बनारसी शेठची भाषा. त्यामुळे तो एकाच वेळी विनोदी आणि भयंकर वाटतो. मराठीत त्याला कुठलं मराठी द्यायचं? मुंबईतल्या मारवाडी दुकानदाराचं दिलं तर चेष्टा होईल, शुद्ध दिलं तर तो कुणीही गुंड. अशोक जैन यांचे अनुवाद मला आवडतात, शाळेच्या ग्रंथालयातून पळवून वाचलेत. पण हे कोडं कुठल्याही अनुवादकाला सुटेल असं वाटत नाही.

लातूर

हरिपद. जटायूंच्या हिरव्या ॲम्बॅसिडरचा ड्रायव्हर. मी पण ड्रायव्हर आहे, साहेबांच्या गाडीत थांबलेलो असताना वाचतो. हरिपद थांबतो, गाडी सांभाळतो, वेळेवर हजर असतो. त्याच्याबद्दल फार काही लिहिलेलं नाही. बरोबरच आहे ते.

पुणे

तोपशे. आणि तक्रारही.

माझा मोठा चुलतभाऊ सुट्टीत यायचा तेव्हा तो फेलूदा आणि मी तोपशे. पहिल्या गोष्टीत तोपशे साडेतेरा वर्षांचा आहे, फेलूदा सत्तावीसचा, म्हणजे दुप्पट. आमच्यात अंतर दोनच वर्षांचं, तरी तो दादा आणि मी वही घेऊन मागे. तोपशेचं मला आवडायचं ते हे की तो बढाई मारत नाही. जे दिसलं ते लिहितो, भीती वाटली तर तेही लिहितो. सगळी मजा आपल्याला त्याच्या डोळ्यांतूनच मिळते आणि कौतुक सगळं फेलूदाचं.

तक्रार अशी की मी मुलगी. 35 गोष्टींत माझ्यासाठी जागा कुठे? बायका येतात, पण कुणाची आजी, कुणाची बायको, चहा देऊन आत जाणारी. मुलांच्या मासिकासाठी लिहिलं होतं, मान्य. पण 'संदेश' मुलीही वाचत असतील ना? म्हणून 1993 ला दूरदर्शनवर ब्योमकेश, हा दुसरा बंगाली गुप्तहेर, लागला तेव्हा मी त्याच्या बायकोसाठी, सत्यवतीसाठी बघायचे. सुकन्या कुलकर्णी होत्या. ती ब्योमकेशला उलट बोलायची, एवढंच पुरेसं होतं मला. परत तोपशेकडे आले ते चाळिशीत, आणि आता राग गेला आहे. थोडा आहे.

ठाणे

मुंबईच्या गोष्टीबद्दल कुणी लिहिलंच नाही! जटायूंच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघतो आणि तिघं मुंबईला येतात. त्यात लिफ्टमधला खून, नानासाहेबांच्या नौलखा हाराची भानगड आणि शेवटी घाटाकडे चाललेली आगगाडी. मी रोज लोकलने जातो, मला तो शेवट वाचताना इंजिनाची शिट्टी ऐकू येते. पण माझं आवडतं त्यातलं एवढंच की शूटिंग बघताना जटायू एकाच वेळी लेखक म्हणून फुगलेले असतात आणि आपल्या गोष्टीचं काय करून ठेवलंय ते बघून हबकलेले. ज्याचं काही छापून आलंय त्याला हे कळेल. माझी एक कविता दिवाळी अंकात आली होती, शेवटचं कडवं उडवून.

अमरावती

मी एकही वाचलेलं नाही. धागा वाचून घ्यायचं ठरवलंय. कुठून सुरू करू? पहिल्या गोष्टीपासून क्रमाने?

धागाकर्ता

क्रमाने नको. पहिल्या गोष्टीत जटायू नाहीत. सोन्याच्या किल्ल्यापासून घ्या, 1971 ची. फेलूदा आणि तोपशे राजस्थानला निघालेत, गाडी कानपूरला थांबते आणि डब्यात एक गृहस्थ चढतात. तिथपर्यंत वाचा आणि मग इथे येऊन सांगा, पुढे वाचल्याशिवाय झोपलात का.

संभाजीनगरकर, त्या वहीचे फोटो काढून ठेवा. वाळवी फळीपर्यंत पोचते.