चढाला गाडी दम सोडते आणि बंद पडते, डिझेल पंप खोलू का?

कृष्णाकाठ_मालवाहतूक
नमस्कार मंडळी, गाडी १९९९ची सहाचाकी, टर्बो इंजिन, जुना इनलाईन डिझेल पंप (इंजिनात दाबानं डिझेल सोडणारा), सेन्सर-बिन्सर काही भानगड नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा कुठली गाडी भारी यावरच संपतो. त्रास असा की पुण्याहून माल भरून कऱ्हाडला येताना खंबाटकी चढायला लागली की आधी पिकअप जातो, मग आचके देते आणि बंद. सपाटीला कितीही पळवा, काही नाही. बंद पडल्यावर नुसता सेल्फ मारून चालू होत नाही, हँड पंप (हातानं लाईनमध्ये डिझेल भरायचा) बराच वेळ दाबला की होते. आणि दरवेळी होत नाही हाच डोक्याला ताप, एखादी फेरी एकदम सुरळीत. दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकलेत. मिस्त्री म्हणतोय डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून जुळवून घ्यायला) देऊ. खर्च बघता आधी इथं विचारावं म्हटलं. ड्रायव्हर तर खंबाटकीचं नाव काढलं की तोंड पाडतो.

जुना_फिटर
पंपाला अजिबात हात लावू नका. पंप खराब असता तर सकाळी स्टार्टिंगला त्रास, धूर, मिसिंग, रोजचं काहीतरी रडगाणं असतं, असं घाट बघून बंद पडत नाही. तुमची गाडी हवा घेतेय.

आता हे कशावरून, तर बंद पडल्यावर ती चालू कशी होते ते बघायचं. बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं उभी केली आणि काहीच न करता चालू झाली तर टाकीत कचरा आहे, चिंधी किंवा झाकणाच्या सीलचा तुकडा ओढीनं जाळीला चिकटतो, इंजिन थांबलं की ओढ संपते आणि तो खाली पडतो. पण हँड पंप मारल्याशिवाय चालूच होत नाही म्हणजे लाईनमध्ये हवा शिरलीय. पुढच्या वेळी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला करून हँड पंप मारा, पांढरा फेस आला की समजा.

सगळे फसतात ते पुढच्या गोष्टीत. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून पुढं ढकलणारा छोटा पंप) लाईन ओढीची आहे, तिथं फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, फुटक्या स्ट्रॉनं उसाचा रस प्यायल्यासारखं. त्यामुळं "कुठं गळत नाही हो" याला काही अर्थ नाही. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथली फट मात्र ओली दिसते. बँजो बोल्टचे (डिझेल पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बदला (जुनेच परत घट्ट आवळायची सवय सोडा), रबरी पाईप क्लिपजवळ वाकवून चिरा बघा, आणि फीड पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक पाईप लावून गाडी चढाला घ्या. बुडबुडे दिसतील. तो पाईप तपासणीपुरताच, डिझेलनं तो कडक होतो आणि मग क्लिपपाशी हवा घ्यायला लागतो.

वायरमन_सांगली
स्टॉप सोलेनॉईडची (करंटवर डिझेल चालू-बंद करतो तो) वायर बघितली का? आमच्या पिकअपला तेच झालेलं, खड्ड्यात गेली की बंद.

जुना_फिटर
@वायरमन_सांगली यांच्या गाडीला सोलेनॉईड असेल तर बघावं, पण बहुतेक इंजिन बंद करायला ओढायची केबल असणार. केबलवाल्या मेकॅनिकल पंपाला एकदा चालू झाल्यावर करंटच लागत नाही. शिवाय करंट गेला तर खटकन बंद पडते, आचके देत नाही.

लाल_माती
टाकीचं झाकण बदललंय का कधी? व्हेंट (हवा आत यायचं बारीक भोक) बुजला किंवा बिनव्हेंटचं झाकण बसलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, फुस्स आवाज आला तर तेच. फुकटातलं काम आहे, हे आधी करा.

आणि एक, घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर पण थांबतो, मग साठलेल्या हवेवरच ब्रेक लागतात, स्टेअरिंगही जड होतं. क्लीनरनं आधी चाकाला दगड लावायचा आणि मगच बॉनेट. लोक उलटं करतात.

कृष्णाकाठ_मालवाहतूक
केबलच आहे. झाकणाचा फुस्स आवाज नाही आला. स्क्रूतून फेस आला, भरपूर. वॉशर आणि रबरी पाईप सगळे नवे टाकले तरी पारदर्शक पाईपात बुडबुडे आहेतच. ड्रायव्हरला खोदून विचारलं तर तो म्हणाला पुण्यात टाकी फुल केली त्या फेरीला त्रास होत नाही, डिझेल निम्म्यावर असलं की होतो. याचा काही संबंध?

जुना_फिटर
संबंध म्हणजे काय, उत्तरच आहे ते! टाकीच्या आत उभा सक्शन पाईप असतो, त्याला मधे तडा असणार. डिझेल तड्याच्या वर आहे तोवर तो डिझेलच ओढतो, पातळी खाली गेली की हवा. सपाटीला मागणी कमी म्हणून निभावतं, चढाला फुल ॲक्सिलरेटर आणि त्यात डिझेल टाकीत मागं सरकतं. खात्री करायची तर डिझेलचा कॅन चॅसिसला सायलेन्सरपासून लांब बांधा, सक्शन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारा पाईप) दोन्ही त्यातच सोडा. रिटर्न टाकीत गेला तर कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅनवर चढली की पंपाचं नाव काढू नका.

कृष्णाकाठ_मालवाहतूक
कॅनवर लोडसकट चढली! मग टाकीतला पाईप काढला, साधारण मध्यावर केसाएवढा तडा, बोट फिरवल्यावरच कळला. नवा बसवला, निम्म्या टाकीवर खंबाटकी काढली, बुडबुडा नाही. जाळीवर गाळही बराच होता. जुना पाईप ब्रेझिंग करून (पितळेनं तडा भरून) स्पेअर ठेवावा का? आणि टाकीला खाली एक गंजका ठिपका दिसतोय, मिस्त्री म्हणतो गाडीवरच वेल्डिंगचा टाका मारतो.

जुना_फिटर
पाईप भंगारात टाका. आणि टाकीला गाडीवर वेल्डिंग कुणालाही मारू देऊ नका, डिझेल काढलेल्या टाकीत सुद्धा वाफ राहते, भडका उडतो. उतरवून टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्या, तो आधी धुवून वाफ काढूनच हात लावतो.