फॅमिली ग्रुप: मोगली, शेरखान आणि नाना

ताई: दूरदर्शनचं ‘जंगल बुक’ कुणी हल्लीच परत बघितलंय का? काल लावलं आणि झोपेचं खोबरं झालं.

दादा: मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये बघितलं, दूरदर्शनने पुन्हा दाखवलं तेव्हा. खरं सांगू? जाम संथ वाटलं. मोगली पळतोय पळतोय आणि मागे तीच तीच झाडं 🥱

वहिनी: आमची लेक तर मधेच उठून गेली.

ताई: अरे ती काटकसर. ५२ भाग काढायचे तर प्रत्येक वेळी नवं चित्र कोण रंगवणार? तोंड हलतं, बाकी अंग गप्प. लहानपणी हे एकदाही खटकलं नव्हतं, हेच मला नवल वाटतंय.

काका: जपानी ना ते?

ताई: हो काका. निप्पॉन ॲनिमेशन, १९८९. आपल्याकडे १९९३ च्या सुमारास हिंदीत आलं.

मी: आणि जंगल मध्य प्रदेशातलं, सिवनीकडचं! किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात वैनगंगाही आहे.

आत्या: भंडाऱ्यावरून जाते ती वैनगंगा?

मी: तीच आत्या. गोष्ट लिहिली इंग्रजाने, चित्रं जपान्यांनी काढली आणि पोराच्या हातात बूमरँग. म्हणजे ऑस्ट्रेलियाही सुटली नाही 😂

दादा: बूमरँगचं नाव काढू नका. ताईने कपड्यांचा हँगर फेकला होता, तो परत आला नाही. माझ्या कपाळावर थांबला.

ताई: तू मधे आलास त्याला मी काय करू!
बरं, मला सांगायचंय ते वेगळंच. शेरखान माझ्या आठवणीत केवढा तरी अक्राळविक्राळ होता. आता बघितला तर साधाच वाघ, चार रेघांत काढलेला. म्हणून आवाज बंद करून तोच प्रसंग लावला. भीती गायब! मग आवाज चालू केला आणि डोळे मिटले. अंगावर काटा.

काका: नाना पाटेकर!

ताई: तेच तर! चित्र आधीच तयार, वाघाची तोंडाची उघडझाप ठरलेली. तेवढ्या मापात हिंदी वाक्य बसवायचं आणि वर दहशतही घालायची. खायचं काम नाही.

काका: गाणंही बघ की. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची. त्या दोघांचा ‘माचिस’ सिनेमा यायच्या आधीची गोष्ट ही. २०१६ ला डिस्नेचा सिनेमा हिंदीत आला तेव्हा तेच गाणं नव्याने केलं आणि शेरखानला परत नानाच.

मी: म्हणजे एवढा खर्चाचा, केस न् केस दिसणारा वाघ केला, तरी आवाज जुनाच लागला.

वहिनी: मला मात्र या वेळी लांडग्यांचा म्होरक्या अकेलाच दिसत राहिला. तेव्हा तो आला की कधी एकदा बगीरा येतोय असं व्हायचं. आता वाटतं, म्हातारपणी कळप सांभाळायचा म्हणजे किती ताप.

काका: अनुभवी माणसाला विचार 😄

दादा: ताईचं पटतंय थोडं. पण मग आपण बघत होतो काय?

ताई: ऐकत होतो रे.

आत्या: मी तर तेव्हा सगळं स्वयंपाकघरातूनच ऐकलंय. वाघ कसा दिसतो ते अजून माहीत नाही. पण त्याच्याशी वाकड्यात जायचं नाही, एवढं कळलं होतं.

दादा: आत्या 🙏😂 रविवारी सगळे आमच्याकडे या, मोठ्या आवाजात लावू.

वहिनी: आणि हँगर मी आधीच कुलपात ठेवते.