फायर अलार्म: झोन ३ ला टेस्टचा धूर दिला की सगळेच हूटर वाजतात
अ‍ॅड्रेसेबल पॅनल (प्रत्येक डिटेक्टर-हूटरला वेगळा पत्ता असलेलं), एकच लूप (सगळ्यांना जोडणारी वायर), ४ झोन, मजल्याला एक. झोन ३ ला आउटपुट ग्रुप ३ (तिसऱ्याचे हूटर) लावलाय तरी टेस्टला चारही मजले बोंबलतात, काय चुकतंय?

> बऱ्याच पॅनलमध्ये नवीन साउंडर (हूटर) आपोआप जनरल अलार्म ग्रुपमध्ये (कुठलाही अलार्म आला की वाजणारा ग्रुप) जाऊन बसतो, तू ग्रुप ३ मध्ये टाकलास पण तिथून काढला नसशील, मग तो दोन्हीकडून वाजणारच ना. आधी कॉन्फिगचा बॅकअप घे बाबा.

> पण थांबा, एकच मजला वाजवायचा हे मंजूर कॉज-इफेक्ट चार्टमध्ये (कुठे अलार्म आला की काय वाजायचं याचा तक्ता) आहे का? नसेल तर हात लावू नका. आणि बदल केल्यावर प्रत्येक झोन परत टेस्ट करा, फक्त ३ नाही.

> चार्टमध्ये आहे. जनरलमधून काढले, आता फक्त तिसराच वाजतोय. बाकीचे झोन उद्या.